तिसऱ्या रविवारपुरतं कार्ड

या, असं लांब बसू नका. दाराशी वारं लागतं, आत सरका. गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. एका माणसाची गोष्ट सांगायची आहे आणि ती मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. तिच्यात राजा नाही, लढाई नाही, चमत्कार तर औषधालाही सापडायचा नाही. एक शिंपी आहे, एक थकलेला कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यात बसवायचं वीतभर कार्ड आहे. एवढ्याशा सामानावर तो वरचा केवढा खेळ मांडतो, ते ऐका.

त्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाईचं मशिन, कापायचं टेबल आणि खुंटीवर लोकांचे कपडे. मागच्या खोलीत कॉट, शेगडी आणि तो कॉम्प्युटर. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "सगळ्यांची मापं घेता घेता स्वतःचं घ्यायचं राहून गेलं." लोक हसायचे आणि पुन्हा विचारायचे नाहीत. नवे कपडे शिवून घेणारे आता उरले नव्हते. लोक तयार कपडे आणायचे आणि मास्तरांकडं उसवायला टाकायचे. कंबर जरा सैल करा, पाय दोन बोटं वर घ्या, चेन बदला. दिवसभरात दहा माणसं यायची, पण बोलणं सगळं कंबरेचं आणि पायाचं. मास्तर कसे आहेत हे विचारायला कुणाला सवड नव्हती आणि तसा कुणाचा दोषही नव्हता.

कॉम्प्युटर पुतण्याचा. शिकायला म्हणून तो चार वर्षं काकांकडं राहिला, तेव्हा त्यानं खेळ खेळण्यासाठी हा मोठा डबा घेतला होता. त्या काळी म्हणे आसपास असा डबा कुणाकडं नव्हता. मग नोकरी लागली. जाताना म्हणाला, "काका, हा न्यायचा म्हणजे व्याप आहे. खेळा, नाहीतर विकून टाका." आणि जाण्याआधी एक खेळ तेवढा शिकवून गेला. मालाचा ट्रक चालवायचा. गोळीबार नाही, मारामारी नाही. गोदामात माल भरायचा, घाट ओलांडायचा, पलीकडं उतरवायचा. आणि कानाला हेडफोन लावून दुसऱ्या कुठल्यातरी ट्रकवाल्याशी गप्पा मारत जायचं. तो ट्रकवालाही आपल्यासारखाच कुठल्यातरी खोलीत बसलेला असतो.

त्या रस्त्यावर सहा वर्षांपूर्वी मास्तरांना कंदील भेटला.

कंदील हे त्याचं खेळातलं नाव. खरं नाव मास्तरांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "मास्तर, नाव-पत्ता, फोनबिन काही नको. ओळख वाढली की उपकार सुरू होतात. रस्ता आहे तोवर आपण आहोत." आवाज वयस्कर, जरा घोगरा, हसला की खोकला यायचा. तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता गोदामाच्या फाटकाशी दोन ट्रक उभे राहायचे. मास्तरांचा निळा, कंदिलाचा लाल. चौदा वळणांचा घाट चढला की डाव्या हाताला एक तळं लागायचं. तिथं कंदील दर वेळी विचारायचा, "मास्तर, आज तळं कसं आहे?"

आणि मास्तर सांगायचे. शिंप्याचे डोळे ते. "आज मोरपिशी आहे. साटिनचं कापड झटकावं तशी लाट येतीय." कधी म्हणायचे, "आज राखाडी पॉपलिन, पण काठाला उन्हाची जर आहे." कंदील म्हणायचा, "वा." बस, एवढंच. मास्तरांना वाटायचं, गडी आपली थट्टा करतो. त्यालाही ते तळं दिसतंच आहे की. पण आठवडाभर ज्याला कुणी कंबरेपलीकडं काही विचारत नाही, त्याला तेवढा प्रश्नही पुरतो. बुधवार-गुरुवारपासूनच मास्तर कापडांच्या ढिगात तळ्याचा रंग शोधायला लागायचे.

आता एक ठराव सांगायचा राहिला, तो नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर टांगलेली आहे. पूर्वी या दोघांबरोबर तिसराही एक ट्रक असायचा. एका रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. या दोघांनी फाटकाशी सात महिने त्याची वाट पाहिली. दर रविवारी अर्धा तास इंजिन चालू ठेवून गप्प बसायचं. शेवटी कंदील म्हणाला, "मास्तर, हे फार वाईट आहे. गेलेल्यापेक्षा थांबणाऱ्याचे हाल जास्त. आपण ठरवून टाकू. आपल्यातला एक जण लागोपाठ तीन रविवार आला नाही, तर दुसऱ्यानं समजून घ्यायचं. हात जोडायचे आणि हा रस्ता सोडायचा. कायमचा."

मास्तर "बरं" म्हणाले होते. बोलायला काय जातं. शब्द तोंडातून निघतो तेव्हा हलका असतो, त्याचं वजन मागाहून कळतं.

झालं काय, तर एका रविवारी चारला पाच कमी असताना मास्तरांच्या स्क्रीनवर आडव्या हिरव्या रेघा आल्या, डब्यात काहीतरी घरघरलं आणि सगळं काळं झालं. तो पहिला रविवार. मास्तरांनी पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड गेलं असणार, काका. स्क्रीनवरचं चित्र तेच काढतं. आठ वर्षं झाली त्याला. आता त्यात खर्च करू नका. मी पुढच्या सुट्टीत येतो, सगळं नवीनच घेऊ."

"सुट्टी कधी रे?"

"बघू. पाच-सहा महिन्यांत."

"अरे, दुसरीकडून कुठून त्या खेळात शिरता येतं का? एक निरोप द्यायचाय."

"पासवर्ड लागेल. तो मीच टाकला होता, पण आता देवालाही आठवायचा नाही. निरोप कुणाला द्यायचाय?"

मास्तर म्हणाले, "नाही, असंच." सहा वर्षांच्या माणसाचं नाव सांगायला गेलं तर कंदील. हसला असता पोरगा.

दुरुस्तीचं दुकान चौकाच्या पलीकडं. चालवणारी बाई पन्नाशीची, चष्मा कपाळावर, हातात सतत स्क्रू-ड्रायव्हर. तिला सगळे ताई म्हणत. तिनं एकदा वर येऊन जुनं कार्ड काढलं, पंख्यातली धूळ फुंकली, चार दिवस खटपट केली आणि हात टेकले. तोवर दुसरा रविवारही गेला. चार वाजता मास्तर काळ्या स्क्रीनसमोर हेडफोन घालून बसले होते. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. कानात आपल्याच श्वासाचा आवाज येत होता. फाटकाशी लाल ट्रक इंजिन चालू ठेवून उभा असेल, हे त्यांना दिसत होतं. तेवढं दिसायला कार्ड लागत नाही.

शनिवारी ते दुकानात जाऊन उभे राहिले.

"ताई, उद्या चारच्या आत चालू व्हायला हवं."

"उद्या काय आहे?"

"आहे एक काम."

ताईनं चष्मा खाली घेतला. "हे बघा मास्तर. तुमचा डबा म्हातारा, त्याचा वीजपुरवठाही म्हातारा. मोठं कार्ड लावलं तर धाप लागेल त्याला. वेगळी वीज न मागणारंच कार्ड हवं. तशी दोन आहेत." तिनं फळीवरून दोन खोकी काढली. एक लांबोडकं, दोन पंख्यांचं. दुसरं वहीएवढंही नाही. "हे लांबडं बरं. तुम्हाला होतं तसंच जवळजवळ दिसेल. हे छोटं म्हणजे वेळ मारून न्यायला. प्रश्न जागेचा आहे. लांबडं नऊ इंच आहे. डब्यात आडवी जागा किती?"

मास्तरांनी खिशातून मापाची वही काढली. ताईनं आदल्या दिवशीच फोनवर माप घेऊन यायला सांगितलं होतं. गळ्यातल्या टेपनं मास्तरांनी ते घेतलं होतं. वहीत लिहिलं होतं, साडेनऊ.

"नक्की?"

"चाळीस वर्षं मापं घेतोय, ताई. माणसं हलतात तरी चुकत नाही. हा डबा तर गप्प उभा होता."

"मग न्या हे. मी येऊ लावायला?"

"नको. जुनं काढताना बघितलंय मी तुम्हाला. तीन जिने कशाला चढता?"

रविवारी सकाळी मास्तरांनी हात धुतले, डब्याचं झाकण काढलं आणि कार्ड आत नेलं. ते बसेना. पुढच्या बाजूला हार्डडिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा असतो, त्याला ते अडत होतं. तिरकं करून पाहिलं, वरून पाहिलं. अर्धा इंच काही केल्या सुटेना. टेप लावली. साडेआठ. पुन्हा लावली. साडेआठ. वही उघडली. साडेनऊ, आपल्याच अक्षरात.

मग त्यांच्या ध्यानात आलं.

कपडा कापताना शिंपी अंगाच्या मापावर कधी कापत नाही. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच जास्तीचं कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. उद्या माणूस सुटला, तर उसवून सैल करता यावं म्हणून. चाळीस वर्षं मास्तरांचा हात टेप सोडून पेन्सिल धरायचा, तेवढ्या अवधीत अर्धा आणि अर्धा आपोआप मिळवायचा. डोक्याला विचारतच नव्हता. त्या हातानं पत्र्याच्या डब्यालाही माया सोडली होती. पत्र्याला कुठली माया. तो साडेआठ म्हणजे साडेआठ.

घड्याळात साडेबारा. रविवारी दुकान एकला बंद व्हायचं. मास्तरांनी खोकं काखेत मारलं आणि दुखरा गुडघा घेऊन तीन जिने उतरले. ताई शटर अर्धं ओढत होती.

त्यांनी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग मास्तरांचं तोंड बघून थांबली.

"अहो, होतं असं. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, ते पोळ्यासुद्धा भिंग लावून बघायचे." तिनं खोकं ठेवून घेतलं. "उपाय सोपा आहे. तो पिंजरा रिकामाच आहे. रिवेट काढले की सुटेल. उद्या सकाळी डबा घेऊन या, ड्रिल लावते, अर्ध्या तासात हे लांबडंच बसवून देते. एकदम झकास."

"आणि आज?"

"आज ड्रिल नाही, घरी नेलंय. आज हवं तर हे छोटं आहे. पण मास्तर, मी खरं सांगते. ते लावलंत तर खेळातलं चित्र अगदी हलक्या प्रतीवर आणावं लागेल. झाडं जातील, सावल्या जातील, पाऊस-पाणी सगळं सपाट. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. थांबा की उद्यापर्यंत. कुठं गाडी सुटतीय?"

मास्तरांनी छोटं खोकं हातात घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं, "शेजारची गाडी दिसेल?"

"कुठली गाडी?"

"रस्त्यावर माझ्या शेजारी दुसरी गाडी असेल, तर ती दिसेल का?"

ताईनं त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. मग शटर पुन्हा वर ढकललं. "गाडी दिसेल," ती म्हणाली. "तेवढी दिसेल. चला, लावून देते. वाटेत आता मापं घेऊ नका कशाची."

सगळं बसवून, जुळवून ताई गेली तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. खेळ उघडला. मास्तरांनी कानाला हेडफोन लावला आणि स्क्रीनकडं पाहिलं. पाटीवर खडूनं काढल्यासारखा रस्ता. आभाळ म्हणजे एकाच रंगाचा कागद. गोदामाला खिडक्या नव्हत्या. डोंगर म्हणजे कच्ची शिलाई मारून ठेवलेली ढोबळ तुकडाजोड. निळा ट्रक होता, पण त्याच्या काचेवरचं ऊन गेलं होतं.

आणि फाटकाशी लाल ट्रक उभा होता. दिवे चालू.

तिकडून आवाज आला, घोगरा.

"कोण?"

"मीच. मास्तर."

आधी खोकला. मग, "दोनपासून बसलोय मी. म्हटलं, आजचा शेवटचा दिवस, लवकर येऊन बसावं. हात जोडायची तयारी झाली होती, मास्तर."

"कार्ड गेलं होतं हो. कॉम्प्युटरचं."

"कार्ड होय? मी तुम्हालाच पोचवून आलो होतो."

"एवढ्यात नाही. लोकांच्या पँटी पडल्यात अजून."

"मग काढा गाडी. माल सडतोय."

दोघं निघाले. घाट चढायला लागले. मास्तर मान पुढं काढून चालवत होते, कारण कठडा आणि दरी एकाच रंगाची झाली होती. ते फक्त लाल ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून वळत होते. एक, दोन, तीन. कंदील काय काय बोलत होता. मास्तर वळणं मोजत होते. चौदावं वळण संपलं की तो विचारणार, आणि आपल्याला काही दिसणार नाही.

चौदावं वळण संपलं. डाव्या हाताला तळं होतं त्या जागी एक करडा तुकडा पसरलेला होता. कोऱ्या अस्तराचा. लाट नाही, काठ नाही, काही नाही.

"मास्तर, आज तळं कसं आहे?"

मास्तरांनी गाडी काठाला घेतली.

"सांगा की. दोन रविवार इथं एकटा येऊन थांबलो. नुसतं करडं पडलंय."

"म्हणजे?" मास्तर म्हणाले. "तुम्हाला... कसं दिसतं ते?"

कंदील हसला आणि खोकला. "आता लपवून काय करू? आज सांगूनच टाकतो, पुन्हा राहून गेलं तर काय घ्या. माझा डबा लोकांनी टाकून दिलेल्या सामानाचा जोडलेला आहे. पहिल्या दिवसापासून मला इथं करडा तुकडाच दिसतो. झाड नाही, पाणी नाही. मला तर आधी वाटलं मैदान आहे. तुम्ही एकदा म्हणालात, तळं काय सुंदर आहे. तेव्हा कळलं की तळं आहे. मग विचारत राहिलो. सहा वर्षं मी ते तुमच्या तोंडानंच बघतोय. हे दोन रविवार तुम्ही नव्हता, तर तळंही नव्हतं."

लाल ट्रक काठाशी थांबला होता. निळा त्याच्या शेजारी. मास्तरांच्या पुढ्यात करडा तुकडा आणि तिकडं, देव जाणे कुठल्या खोलीत, दुसऱ्या एका माणसाच्या पुढ्यात तसाच करडा तुकडा.

मलाही दिसत नाही, असं मास्तर म्हणू शकले असते. खरं तर तेच होतं. पण त्यांनी डोळे मिटले. पुढच्या खोलीतली सगळी कापडं त्यांनी मनातल्या मनात हाताळली, साटिन, पॉपलिन, मलमल, आणि शेवटी एका लहान मुलीच्या फ्रॉकपाशी ते थांबले. तो गुरुवारीच आला होता, घेर सैल करायला.

"आज," मास्तर म्हणाले, "आज ते फिकट निळं आहे. फार धुवून मऊ झालेल्या कापडासारखं. वारा नाही. मध्येच एखादी चुणी पडतीय आणि आपोआप निघून जातीय. पलीकडच्या काठाला उंच गवत आहे, त्याची सावली पाण्यात उतरलीय, झालरीसारखी. आणि आपले दोन ट्रक दिसतायत पाण्यात. उलटे. तुमचा लाल आणि माझा निळा."

"दोन्ही दिसतायत?"

"दोन्ही."

"वा," कंदील म्हणाला. मास्तरांनी डोळे अजून उघडले नव्हते.

सहा वाजता माल उतरवून कंदील म्हणाला, "पुढच्या रविवारी?" मास्तर म्हणाले, "पुढच्या रविवारी." लाल ट्रकचे दिवे विझले आणि गाडी स्क्रीनवरून पुसली गेली. मास्तरांनी हेडफोन काढला. खोली पुन्हा खोलीएवढी झाली. बाहेर कुणीतरी जिना चढत गेलं, पण दार वरचं वाजलं.

त्यांनी मापाची वही उघडली. साडेनऊवर काट मारली आणि साडेआठ लिहिलं. त्याच्यापुढं, गिऱ्हाइकाच्या कपड्यापुढं लिहितात तसं, बारीक अक्षरात लिहिलं, उद्या उसवून घेणे. मग तो जड डबा एका जुन्या अस्तरात गुंडाळून दाराशी ठेवला. इतके दिवस ते तळं त्यांच्यासाठी करमणूक होती. आता त्या तळ्यावर आणखी एक माणूस विसंबलेला होता, आणि माणसाच्या मापाला चूक चालत नाही.

झाली गोष्ट. मास्तरांचं ठीक आहे, त्यांचा डबा सोमवारी उसवला जाईल, त्यांना पाणी दिसेल. पण उठण्याआधी एवढं करा माझ्यासाठी. कधी वाटेत पाणी दिसलं, ओढा असो की रस्त्यातलं डबकं, क्षणभर थांबा, त्याचा रंग नीट बघून घ्या आणि त्या कंदिलाची आठवण काढा. कुठल्यातरी खोलीत, कुणाच्यातरी टाकाऊ डब्यासमोर तो बसलेला आहे, करड्या तुकड्याकडं बघत, कुणीतरी येऊन सांगेल म्हणून. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. त्या वरच्याला ठाऊक आहे, आणि त्याच्यापर्यंत ती आठवण पोचते.